गाडीला गाडीच राहू द्या : लांब पल्ल्याची रेल्वे चालवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
लांब पल्ल्याच्या रेल्वेगाड्या चालवणाऱ्या संस्थांचे संचालक, तसेच त्या गाड्यांची वेळापत्रके, निधी आणि धोरणे ठरवणारे सर्व अधिकारी यांस

विषय : रात्रीच्या व लांब पल्ल्याच्या गाड्या बंद करणे आणि उरलेल्या गाड्यांना विमानाची कळा आणणे याबाबत

महोदय, महोदया,

१९०९ साली ओखिल चंद्र सेन नावाच्या एका प्रवाशाने साहिबगंजच्या विभागीय रेल्वे कार्यालयाला एक पत्र लिहिले. अहमदपूर स्थानकात ते नैसर्गिक विधीसाठी उतरले असता गार्डने शिट्टी वाजवली, गाडी सुटली, आणि एका हातात लोटा व दुसऱ्या हाताने धोतर सावरत धावताना ते फलाटावर सर्वांदेखत पडले. मोडक्यातोडक्या इंग्रजीतील त्या पत्राच्या शेवटी, गार्डला जबर दंड केला नाही तर आपण ही हकीकत वर्तमानपत्रांना कळवू, अशी तंबी आहे. हे पत्र दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात मांडलेले आहे आणि डब्यांत शौचालये आली ती त्यामुळेच, असे सांगितले जाते. रेल्वेच्या कार्यालयाला गाऱ्हाणे घालण्याची परंपरा जुनी आहे, एवढेच मला यातून सुचवायचे आहे. तंबीची पायरी गाळून मी थेट चारचौघांत लिहीत आहे.

व्यवसायाने मी मुद्रितशोधक आहे. गेली एकवीस वर्षे, वर्षातून दोनदा, मी माझ्या धाकट्या बहिणीकडे जाते. तिचे शहर एक रात्र, एक दिवस आणि पुन्हा एक रात्र एवढ्या अंतरावर आहे. जाताना मी एका पुस्तकाची मुद्रिते बरोबर घेते आणि येताना दुसऱ्या. गाडीत तपासलेल्या पुस्तकांत चुका कमी राहतात, असे निरीक्षण माझे नसून प्रकाशकांचे आहे. ही गाडी वेळापत्रकातून काढून टाकण्यात आली. मी कारण विचारले तेव्हा दोन ओळींचे उत्तर आले : सदर मार्गावर विमानसेवेचा पर्याय उपलब्ध असून त्यास केवळ अडीच तास लागतात. त्या गाडीचे आणि कार्यालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण हे उत्तर थोड्याफार फरकाने देशोदेशीच्या प्रवाशांना मिळालेले आहे. शब्दांवर अडण्याची माझ्या व्यवसायाची खोड आहे, आणि त्या दोन ओळींतल्या दोन शब्दांवर मी अजूनही अडलेली आहे. एक ‘केवळ’ आणि दुसरा ‘पर्याय’.

आधी ‘केवळ’ पाहू. अडीच तास हे विमान जमिनीवरून सुटून पुन्हा जमिनीला टेकेपर्यंतचे. विमानतळ शहराबाहेर असतो, तिथे पोहोचायला दीड तास. उड्डाणाच्या दोन तास आधी हजर राहायचे. उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यापाशी पाऊण तास, आणि तिथून शहरात यायला पुन्हा दीड तास. बेरीज सव्वाआठ तास होते. त्यातही खरी हानी तासांची नाही, तुकड्यांची आहे. रांगेत उभे राहा, पट्टा काढा, बूट काढा, बाटली रिकामी करा (ऑगस्ट २००६ मध्ये द्रव स्फोटकांनी विमाने उडवण्याचा लंडनमधील कट उघडकीस आल्यानंतर शंभर मिलिलीटरची मर्यादा आली), पुढच्या रांगेत जा, दार बदलल्याची घोषणा ऐका, बसा, पट्टा बांधा, टेबल मिटा. सव्वाआठ तासांत सलग म्हणावे असे तासाभराचे एक चिपाड माझ्या वाट्याला येते, आणि तेही शेजाऱ्याचे कोपर सांभाळत. दिवस तर पूर्ण जातोच, कारण उरलेल्या वेळात माणूस दुसऱ्या कशाच्याच उपयोगाचा राहत नाही.

गाडीचे तास छत्तीस. त्यांपैकी दोन रात्रींचे पंधरा-सोळा तास मी झोपते, जे मी घरीही झोपलेच असते. उरतो एक दिवस. म्हणजे विमानही एक दिवस घेते आणि गाडीही एक दिवस घेते. फरक इतकाच की गाडी तो दिवस परत हातात ठेवते. घरी असा दिवस मला कधी मिळत नाही, कारण घरात उठून करण्यासारखे काहीतरी सतत असते. धावत्या गाडीत करण्यासारखे काही नसते आणि तरीही आपण रिकामे नसतो, कारण आपण जात असतो. जाण्याचे काम इंजिन करते आणि श्रेय मात्र आपल्याला मिळते.

आता ‘पर्याय’. एका वस्तूचे काम दुसरीने भागत असेल तरच ती पर्याय. गाडीच्या ज्या सुखांवर आपण काट मारली, ती विमानाने कशी भागतात हे मला समजून घ्यायचे आहे.

खिडकीपासून सुरुवात करते. गाडीच्या खिडकीत जवळचे झुडूप झपकन मागे पडते, शेताचा बांध जरा रेंगाळतो, टेकडी सावकाश वळते आणि क्षितिजावरचा डोंगर अर्धा तास आपल्याबरोबर चालतो. एकाच चौकटीत तीन-चार वेग एकाच वेळी दिसतात. डोळ्यांना ही खोली किती विसावा देते, हे ज्याने चार तास बारीक अक्षरे वाचून वर पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही. दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून सगळेच दूर असते, म्हणून ताशी साडेआठशे-नऊशे किलोमीटर जाणारे विमान खिडकीतून पाहणाऱ्याला जागच्या जागी थांबल्यासारखे वाटते. जगातला सर्वांत वेगवान सार्वजनिक प्रवास सर्वांत कमी हलतो, ही गंमत मला अजून जुनी झालेली नाही.

खिडकीतून दिसते ती गावांची मागची बाजू. रस्ता घरांच्या दर्शनी भागावरून जातो, गाडी परसातून जाते. वाळत घातलेले कपडे, अर्धवट रंगवलेली भिंत, फाटकाशी एक पाय टेकवून उभा असलेला सायकलवाला, रिकाम्या फलाटावर कोणाला तरी न्यायला आलेला म्हातारा. तुमच्याकडे कोणी पाहत नसताना तुम्ही एक अख्खा देश पाहू शकता, तोही कोणाच्या घरात न शिरता. आणि मग रात्र झाली की बाहेरचे दिवे विरळ होतात, काचेत स्वतःचाच चेहरा दिसू लागतो, आणि आपण दिवा मालवून अंथरुणावर पडतो.

आवाजाबद्दलही थोडे. आता बहुतेक ठिकाणी रूळ जोडून सलग केलेले असतात, पण जुन्या मार्गांवर सांध्यांचे खटके अजून ऐकू येतात. रूळ तेरा मीटरचे असतील तर सत्तेचाळीस सेकंदांत जितके खटके मोजाल तितका ताशी किलोमीटरमधला वेग येतो. लहानपणी हे गणित ज्याला कोणी शिकवले तो आयुष्यभर गाडीत एकटा पडत नाही. डब्याच्या त्या संथ झुल्याने लागणारी झोप आणि मध्यरात्री गाडी कुठल्याशा अनाम स्थानकात थांबल्यावर त्या शांततेने येणारी जाग, दोन्ही मला प्रिय आहेत.

शरीराचेही ऐका. विमानाच्या आत हवेचा दाब साधारण अठराशे ते चोवीसशे मीटर उंचीच्या डोंगरावर असावा इतका खाली आणलेला असतो आणि आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्याही खाली जाते. घसा सुकतो, पाय सुजतात, चवही बोथट होते. गाडीत माणूस ज्या प्रदेशातून जातो त्याच प्रदेशाच्या हवेत असतो, फक्त अति उंचीवर मदत लागते. चीनने २००६ साली ल्हासापर्यंत नेलेली रेल्वे तांगुला खिंडीत ५,०७२ मीटरवर चढते आणि तिथे डब्यांत प्राणवायू सोडावा लागतो. वेळेचेही तसेच. मॉस्को ते व्लादिवोस्तोक हा ९,२८९ किलोमीटरचा लोहमार्ग आहे, त्याच्या दोन टोकांच्या घड्याळांत सात तासांचा फरक आहे, आणि गाडीला सहा-सात दिवस लागतात. शरीराला घड्याळाचा एक तास पचवायला ढोबळमानाने एक दिवस लागतो. म्हणजे १८९१ साली ज्यांनी हा मार्ग बांधायला घेतला त्यांनी, नकळत का होईना, माणसाच्या देहाला झेपेल असेच वेळापत्रक आखले होते. (त्या देशातली स्थानकांची घड्याळे मात्र २०१८ च्या ऑगस्टपर्यंत सगळीकडे मॉस्कोचीच वेळ दाखवत. व्लादिवोस्तोकला सकाळी सातला फलाटावर उतरावे आणि घड्याळात मध्यरात्र झालेली असावी, असा प्रकार.)

आणि माणसे. विमानात शेजारी असतो, गाडीत सहप्रवासी असतो. विमानात दोन आसनांमधल्या हातावर कोणाचे कोपर, हा एकच विषय आणि तोही मुक्याने चालतो. गाडीत छत्तीस तास समोरासमोर बसायचे असल्यामुळे आधी संकोच, मग चौकशी, मग वर्तमानपत्राची देवघेव, मग एकमेकांच्या सामानावर लक्ष ठेवणे, आणि दुसऱ्या सकाळी स्वतःच्या भावालाही न सांगितलेली गोष्ट समोरच्याला सांगणे, असा क्रम बहुधा चुकत नाही. पुन्हा भेट होणार नाही याची दोघांनाही खात्री असते, म्हणूनच ती गोष्ट सांगता येते. घोरणारेही भेटतात, हे मी मान्य करते. एका प्रवासात वरच्या बर्थवरच्या गृहस्थांनी मला दोन्ही रात्री जागे ठेवले आणि सकाळी अत्यंत आपुलकीने विचारले की, झोप लागली ना?

गाडीचे गोडवे गाताना मी आंधळी झालेली नाही. समुद्रापलीकडे जायचे असेल, कोणी अत्यवस्थ असेल, किंवा सगळी रजाच मुळी तीन दिवसांची असेल तर विमानच घ्यावे आणि त्याबद्दल कृतज्ञही असावे. गाड्या उशिरा येतात, शौचालये तिसऱ्या प्रहरानंतर पाहवत नाहीत, आणि कित्येक ठिकाणी तिकीट विमानापेक्षा महाग पडते. माझी तक्रार गाडी परिपूर्ण नाही ही नाही. जिला सुधारायचे ती गाडी आपण मोडीत काढता किंवा तिचे विमान करू पाहता, ही आहे. आता एकेक मुद्दा घेते.

पहिला मुद्दा बंद झालेल्या गाड्यांचा, आणि तो सर्वांत मोठा. अर्जेंटिनाने १९९३ साली लांब पल्ल्याच्या बहुतेक प्रवासी गाड्यांवरून राष्ट्रीय रेल्वेचा हात काढून घेतला. जर्मनीच्या राष्ट्रीय रेल्वेने डिसेंबर २०१६ मध्ये स्वतःच्या शयनगाड्या बंद केल्या. जपानमध्ये एकेकाळी निळ्या डब्यांच्या रात्रगाड्यांचे जाळे होते, तिथे आता रोज धावणारी शयनगाडी ‘सनराइज’ नावाची एकच जोडी उरली आहे. लिस्बन आणि माद्रिद या शेजारी राजधान्यांमधली रात्रगाडी मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे ‘तात्पुरती’ थांबली. महासाथ गेली, गाडी आली नाही. पॅरिसहून व्हिएन्नाला २०२१ च्या आणि बर्लिनला २०२३ च्या डिसेंबरात मोठ्या समारंभाने रात्रगाड्या सुरू झाल्या आणि फ्रान्सच्या सरकारने अर्थसाहाय्य काढून घेतल्यामुळे डिसेंबर २०२५ मध्ये त्या थांबवल्या गेल्या. त्या आठवड्यातून तीनच दिवस धावत होत्या. आठवड्यातून तीन दिवस उघडणाऱ्या दुकानाला गिऱ्हाईक कमी का, हे विचारायला हिशेबनीस लागत नाही. विशेष हे की अडीच तासांच्या आत रेल्वेने पोहोचता येत असेल तिथली देशांतर्गत विमाने बंद करण्याचा हुकूम मे २०२३ मध्ये काढणारा देशही हाच. जिथे गाडी आधीच जिंकलेली होती तिथे तिला बक्षीस दिले आणि जिथे तिला आधार हवा होता तिथे हात काढून घेतला.

उलट अनुभवही आपल्यासमोर आहे. जर्मनीने टाकून दिलेल्या मार्गांपैकी काही आणि डब्यांपैकी काही ऑस्ट्रियाच्या रेल्वेने उचलले, ‘नाइटजेट’ नावाने चालवले, आणि पुढे नवे डबे बांधून घेतले. त्यात एकट्या प्रवाशासाठी दार लावून घेता येईल अशी झोपायची छोटी खोलीही आहे. म्हणजे प्रवासी नव्हते असे नाही. आणि गाडी एकदा बंद केली की ती पुन्हा सुरू करणे किती जड जाते याचा दाखला ब्रिटनमध्ये आहे. रेल्वेचा तोटा घटवण्यासाठी केलेल्या १९६३ च्या बीचिंग अहवालाने दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करण्याची शिफारस केली, त्या लाटेत १९६९ साली एडिनबरोहून दक्षिणेकडे जाणारा मार्ग गेला, आणि त्याचा केवळ काही भाग पुन्हा सुरू व्हायला २०१५ साल उजाडले. हा ‘केवळ’ मात्र योग्य जागी आहे.

दुसरा मुद्दा तिकिटांचा. विमानाचे तिकीट वर्षभर आधी मिळू शकते. रेल्वेचे मात्र कुठे साठ दिवस आधी, तर कुठे पंधराच दिवस आधी. भारतात १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० वर आणली गेली. लोक आरक्षण करून ऐनवेळी रद्द करतात हे त्यामागचे कारण मला पटते. पण चार महिन्यांनंतरचे लग्न ठरले असेल तर माणूस आज काय करील? तो आज विमानाचे तिकीट काढील. सीमा ओलांडणाऱ्या प्रवासात तर दोन कंपन्यांची दोन तिकिटे काढावी लागतात, आणि पहिलीची गाडी उशिरा आल्याने दुसरीची चुकली तर दोन्ही खिडक्यांवर एकच उत्तर मिळते : ‘तो आमचा प्रश्न नाही.’

तिसरा मुद्दा डब्याच्या रचनेचा, आणि इथे माझा संयम थोडा सुटतो. विमानाची खिडकी लहान असते याला कारण आहे. आतला दाब पेलणाऱ्या पातळ कवचाला मोठी भोके परवडत नाहीत. आपल्या डब्याला अशी कसलीच सक्ती नाही. तरीही डबे असे बनू लागले आहेत की आसनांच्या रांगा आणि खिडक्यांच्या रांगा एकमेकींशी जुळत नाहीत, कारण एक रांग जास्त बसवायची असते. परिणामी ‘खिडकीची जागा’ म्हणून घेतलेल्या आसनावर बसल्यावर कानाशी प्लास्टिकचा खांब येतो. त्या खांबाकडे पाहत मी एकदा सात तास प्रवास केला आहे. समोरासमोरची आसने जाऊन एकामागे एक अशा रांगा आल्या. भोजनाचा डबा जाऊन खोक्यातले जेवण आले. अमेरिकेत २०१९ साली पूर्वेकडच्या रात्रगाड्यांतून पारंपरिक भोजनसेवा काढली गेली, तेव्हा प्रवाशांना केवळ पदार्थ गमावल्याचे वाईट वाटले नसेल. अनोळखी माणसांबरोबर एका टेबलाशी बसण्याची जागा गेली.

चौथा मुद्दा थोडक्यात. स्थानक शहराच्या मध्यात असणे ही रेल्वेची सर्वांत मोठी मिळकत. ती आपण स्वतःहून सोडून शेतांमध्ये नवी स्थानके बांधता. फ्रान्समधल्या पिकार्दीच्या अशा एका स्थानकाला लोकांनी ‘बीटांचे स्थानक’ असे नावच ठेवले. मग तिथे सामान तपासायची यंत्रे बसतात, गाडी सुटण्याआधी अमुक मिनिटे दार बंद होते, आणि फलाटावर निरोप द्यायला कोणी येऊ शकत नाही. खिडकीतून हात हलवणारे कोणी नसेल तर माणूस निघाला कधी हेच कळत नाही.

पाचवा मुद्दा रेल्वेपेक्षा सरकारांना उद्देशून आहे. १९४४ च्या शिकागो करारानुसार विमानाच्या टाकीत आधीच असलेल्या इंधनावर उतरलेल्या देशाला शुल्क लावता येत नाही, आणि पुढे देशादेशांतल्या करारांनी ही सूट वाढत जाऊन आंतरराष्ट्रीय उड्डाणांचे इंधन बहुतेक ठिकाणी करमुक्तच राहिले. गाडी मात्र युरोपात धावलेल्या प्रत्येक किलोमीटरसाठी रुळांचे भाडे भरते. एकाच्या पाठीवर ओझे ठेवायचे, दुसऱ्याला पंख द्यायचे, आणि मग शर्यतीचा निकाल बाजाराने लावला असे म्हणायचे, हे न्यायाचे नाही.

इथे कोणी विचारील की पर्यावरणाचे काय. विजेवर चालणाऱ्या गाडीचा कार्बनचा भार विमानाच्या मानाने फारच थोडा, हे आपल्याला माझ्याकडून ऐकायला नको. मी तो मुद्दा मुद्दाम मागे ठेवला आहे. कर्तव्य म्हणून गाडीत बसा असे सांगितले की गाडी कडू औषध होते, आणि औषध माणूस एकदाच घेतो. मी गाडीत बसते ते मला तिथे बरे वाटते म्हणून. हे कारण टिकाऊ आहे, आणि आपल्या जाहिरातींत ते कुठेच नसते. तिथे फक्त वेग असतो.

वेगाशी माझे भांडण नाही, हेही नोंदवते. स्वित्झर्लंडमध्ये गोटहार्डच्या डोंगराखालून सत्तावन्न किलोमीटरचा बोगदा २०१६ साली सुरू झाला. त्याआधी १८८२ पासूनची गाडी डोंगरातल्या वळसेदार बोगद्यांतून चढत जाई, आणि वासेन गावाचे पांढरे चर्च प्रवाशाला तीनदा दिसे : एकदा वर, एकदा समोर, एकदा खाली. आपण किती चढलो हे ते चर्च सांगत असे. नव्या बोगद्यात वीस मिनिटे अंधार आहे. पण त्या लोकांनी जुना मार्ग उखडला नाही. डिसेंबर २०२० पासून एक दुसरी कंपनी त्या मार्गावर नियमित गाड्या चालवते, आणि ज्याला चर्च तीनदा पाहायचे आहे त्याला ते अजूनही दिसते. इटलीतही सिसिलीला जाणारी रात्रगाडी मेसिनाच्या सामुद्रधुनीपाशी तुकड्या-तुकड्यांनी बोटीवर चढवली जाते आणि झोपलेले प्रवासी झोपेतच समुद्र ओलांडतात. घाई असलेल्यांसाठी विमान आहे, म्हणून बोटीचा खर्च वाचवा, असा हिशेब तिथेही मांडता आला असता.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत.

कोणतीही लांब पल्ल्याची गाडी बंद करण्याआधी किमान एक वर्ष तशी जाहीर सूचना द्यावी. त्या सूचनेत गाडी आठवड्यातून किती दिवस धावत होती, तिचे आरक्षण किती दिवस आधी उघडत होते आणि किती प्रवाशांना जागा नाकारली गेली, हे तीन आकडे छापावेत. ‘प्रतिसाद नाही’ हे कारण या तीन आकड्यांशिवाय मान्य होऊ नये.

‘तात्पुरती’ स्थगिती देताना ती संपण्याची तारीख लिहावी.

ज्या अंतरावर माणूस रात्री झोपून सकाळी पोहोचू शकतो त्या अंतरावर निदान एक रोजची रात्रगाडी असावी, आणि तिला नुकसान झाल्यास ते रस्ते व विमानतळ यांच्यावरील खर्चाप्रमाणेच सार्वजनिक सोयीचा खर्च म्हणून मोजावे.

एका प्रवासाला एक तिकीट असावे, मग वाटेत कंपन्या कितीही बदलोत. पहिल्या गाडीच्या उशिराने दुसरी चुकली, तर पुढच्या गाडीत जागा आणि रात्र काढावी लागली तर निवारा देण्याची जबाबदारी तिकीट विकणाऱ्याची राहावी.

नवे डबे मागवताना प्रत्येक आसनासमोर खिडकी असावी, ही अट निविदेतच लिहावी. ती पाळणे शक्य नसेल तिथे आरक्षणाच्या वेळी ‘खिडकी नाही’ असे स्पष्ट सांगावे आणि भाडे कमी घ्यावे. भोजनाचा डबा परवडत नसेल तर निदान टेबले आणि बाके असलेला एक मोकळा डबा जोडावा. खायचे आम्ही आमचे आणू.

आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनाला असलेली सूट आणि रुळांचे भाडे यांचा एकत्र विचार व्हावा. हे काम आपल्या एकट्याचे नाही, हे मला कळते. पण ज्या बैठकांत ते होऊ शकते तिथे आपल्याला खुर्ची असते आणि मला नसते.

माझ्या गाडीपुरते सांगायचे, तर यंदा बहिणीकडे मी विमानाने गेले. मुद्रितांची दोनशे चाळीस पाने बरोबर होती. त्यांतली अकरा तपासून झाली, आणि त्या अकरांतही दोन चुका राहिल्याचे बहिणीच्या मुलीने दाखवून दिले. परतीची मुद्रिते मी टपालाने पाठवली.

ज्या कार्यालयाने मला ते दोन ओळींचे उत्तर पाठवले त्याला त्याच उत्तराची एक प्रत या पत्रासोबत परत पाठवत आहे. तिच्यात दोन दुरुस्त्या लाल शाईने केलेल्या आहेत. ‘केवळ’ वगळले आहे, आणि ‘पर्याय’ या शब्दाखाली रेघ मारून समासात प्रश्नचिन्ह काढले आहे. दुरुस्त प्रत सहीनिशी परत यावी, ही विनंती.

कळावे,
आपली,
लांब पल्ल्याची एक प्रवासी